गारमारी

कोड लिहिला तेव्हा आम्हाला चारच प्रकार ठाऊक होते:
मोठा, मध्यम, चुरी आणि फेकायचा.
परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर,
शाल पांघरून मी ती चार नावं टाइप केली.
कंपाइल झालं. सगळं हिरवं.
यंत्राची काही तक्रार नव्हती, माझीही.

फेब्रुवारीत काटोलकडे गारा पडल्या.
तिसऱ्या दिवशी कळमन्यात गाडी रिकामी झाली
तर मृगाच्या संत्र्यांना
एकाच गालावर देवीचे व्रण.
आत मात्र रस जसाच्या तसा.
कौतिका शेंडे, एकोणीस वर्षं निवडणीला,
तिने एक फळ उचललं, अंगठा फिरवला,
चारही ढीग टाळून
पाचव्या जागी ठेवलं.
"गारमारी," ती म्हणाली.
तेवढ्यात झालं.

माझ्या फ्रेमवर्कला असं जमत नव्हतं.
त्याला आधी बारसं लागे, मग बाळ.

म्हणून आठवडाभर बसून मी ते शिकवलं त्याला:
चालता चालता प्रकार घडवायचा,
नाव येईल तसं, रकाने येतील तसे,
वजन, व्रण, भाव, निवडणाऱ्याचं नाव.
प्रज्योत मागे उभा राहून चहा पीत म्हणाला,
"करून तर राहिली तू. पण सर्व्हर झोपून उठला की?"
मी हसले.
रात्री दोनला सर्व्हर झोपून उठला.
नोंदीत तीनशे बारा क्रेट होते
आणि गारमारी म्हणजे काय
हे सांगायला आत कुणीच उरलं नव्हतं.
तीनशे बारा वेळा एकच ओळ:
अज्ञात प्रकार. अज्ञात प्रकार. अज्ञात

मग प्रकाराऐवजी त्याची कृती लिहून ठेवली,
लोणच्याची ठेवतात तशी. उठल्यावर परत घालायचं.

पुढची अडचण शेड नंबर सातमधून आली.
तिथे सुगंधाने तिची गारमारी घातली होती.
तेच नाव, तेच रकाने, तोच क्रम,
पण यंत्राला विचारलं, हे दोन एकच का?
तर म्हणे, नाही.
मला हा हट्ट वाटला. आकार सारखा तर प्रकार सारखा,
असं लिहून दोन्ही मी एकात मिसळले
आणि शनिवारी लवकर घरी गेले.

सोमवारी कौतिकाने मला ओट्याजवळ बोलावलं.
हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर भाव.
"हे माह्या हातची नाई बाई. हे सुगंधाची.
मी दोन डागांवर थांबतो, थे पाचपर्यंत जाते.
घेणारा माहं नाव पाहून बोली लावते.
तू दोघींचा भाव एक करून टाकला."
मागे लिलाववाला ओरडत होता, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.
"चाळीस रुपये कमी आले," ती म्हणाली,
जसं कुणी म्हणेल, आज वारा आहे.

ट्रकच्या सावलीत, पोत्यावर लॅपटॉप ठेवून
मी तो प्रकार सोडवला, उसवलेली शिवण सोडवावी तसा.
आता ओळख अशी: नाव, आकार,
आणि कुणी घडवलं ते.
प्रज्योतला ती कळायला तीन दिवस लागले,
ती कौतिकाने एका वाक्यात सांगितली होती.

मेमध्ये बाजार ओसरला.
ज्या प्रकाराला आता कुणी धरलेलं नाही
तो साफ करायचा, असा नियम मीच घातला होता.
एकेक करून गेले. चट्टेवाली गेली, पानलावी गेली,
सुगंधाचीही गेली.
यादीत एकच राहिली. मी शोधत गेले, कोण धरून आहे हिला?

एक क्रेट. विकला गेलेला, फळं केव्हाच खाल्ली गेलेली.
फक्त चुकाऱ्याचा रकाना उघडा:
कौतिका शेंडे, चाळीस रुपये, बाकी.

हाताने पुसता आलं असतं.
मी खिडकी बंद केली, स्कूटरची किल्ली घेतली.
उन्हात कळमना बारा किलोमीटर आहे.