कडेची जागा

कॅइनाच्या वृद्धाश्रमात आईच्या खोलीतला टीव्ही जुना,
पाठीला पोक आलेला.
त्याच्या पोटाखाली डीव्हीडीचं यंत्र,
आणि आईला ठाऊक असलेलं बटण एकच, हिरवं.
म्हणून ही तबकडी.
नाहीतर हल्ली कोण भरतं तबकड्या,
असं कॅर्डलाच्या दुकानातला पोरगा म्हणाला
आणि मागच्या खोलीतून धूळ पुसत
दहांचा गठ्ठा घेऊन आला.

चार हजार एकशे बारा फोटो.
त्यातले दोनशे, प्रत्येकी सहा सेकंद.
म्हणजे वीस मिनिटं.
आईची कॉफी निवते तेवढ्यात.

आधी आडवे पडलेले उभे केले.
माइमूमावशी किती वर्षं आडवीच होती,
भिंतीवरच्या पालीसारखी.
एका टिचकीसरशी पायांवर आली.
मग लाल डोळे.
मग तारखा.

हाइनोमामाचा कॅमेरा बॅटरी संपली की
सगळं आयुष्य विसरायचा
आणि पुन्हा एक जानेवारी दोन हजार दोनपासून
जगायला लागायचा.
त्यामुळे संगणकाच्या हिशेबी
जूनमधली यानिरात्रीची शेकोटी भर हिवाळ्यात पेटते,
आणि मामाचं दफन आधी होतं,
मग तो परसात धुरावर चपटे मासे टांगत उभा,
तोंडात विझलेली सिगारेट.
मी एकेका फोटोला हाताने क्रमांक दिला.
००१. ००२.
पुढची शून्यं विसरलं की
दहावा दुसऱ्याच्या आधी घुसतो,
रांगेतल्या दांडगट पोरासारखा.

रविवारी घेऊन गेले.
आई बघत होती, मान हलवत.
मध्येच म्हणाली, हाइनो कुठाय?
आहे की, म्हटलं, हा काय,
आणि नव्हता.

जुना टीव्ही चित्राच्या चारी कडा खातो.
बोटभर इकडून, बोटभर तिकडून,
कुणाला पत्ता लागू देत नाही.
आणि मामा कायम कडेला.
कुंपणाच्या खांबावर कॅमेरा ठेवायचा,
दहा सेकंद लावायचा,
आणि रबरी बुटांत फताफता धावत
पोचायचा तो नेमका कडेला:
अर्धा खांदा, एक कान, दम लागलेलं हसू.
एकोणीस वर्षं तेवढंच.

घरी येऊन पुन्हा दोनशे उघडले.
एकेक फोटो थोडा लहान केला,
भोवती काळी पट्टी सोडली टीव्हीला खायला,
शेजारच्या बकरीला सालं टाकली
की ती कोबी सोडते, तशी.
चेहरे बारके झाले. होऊ देत.
आईचा चष्मा जाड आहे.

शेवटचे अकरा मी काढलेले, त्याच कॅमेऱ्याने.
पाइनची झाडं, उकरलेली वाळू,
काळ्या कोटातली माइमू, हातात रुमालाचा बोळा.
त्यात कडेला कुणी नाही.
सगळे मधोमध, दाटीवाटीने,
आणि उजवीकडे हातभर जागा सुटलेली.
मी कुणाला सोडायला सांगितली नव्हती.

तिथे पट्टीची गरज नव्हती.
तरी ठेवली.

दुसरी तबकडी आईकडे गेली.
पहिली फेकली नाही.
भोक होतंच तिला,
दोरी ओवून सफरचंदाच्या झाडाला टांगली.
वाऱ्यावर गरगरते, चकाकते,
आणि पाखरं
कुणीतरी धावत येतंय असं वाटून
उडून जातात.