पुढं सरका

डॉक्टर म्हणाले, धाकटा मेंदू खाली घसरलाय,
कवटीत मावत नाही,
मानेच्या दारातून बाहेर लोंबतोय.
मला लगेच दिसला तो,
बाजाराच्या दिवशी पालमच्या गाडीला
फुटबोर्डावर लटकलेला,
एक पाय आत, पिशवी बाहेर.
चौदा वर्षं ओरडले मी त्याच्यासारख्यांवर,
पुढं सरका, मागच्याला जागा द्या.

हैदराबादेत त्यांनी हाड कापून जागा केली.
जुन्या रुपयाएवढं, व्यंकटी सांगतो,
बोटांचा गोल करून दाखवतो,
दर पाहुण्याला थोडा मोठा.
ते कुठं ठेवलं, मी विचारलं.
कुणी सांगितलं नाही. पावतीही नाही.
आमच्यात हिशेबाला कमी भरलं
की कंडक्टरच्या खिशातून जातं.

आता गंगाखेडला, घरी.
नळाचा आज सातवा दिवस, पाणी नाही.
मी कुशीवर, दोन उशा, गोधडीची एक गुंडाळी.
वर बघायचं नाही, वाकायचं नाही,
दोन किलोच्या वर उचलायचं नाही.
कोपऱ्यातली घागर माझ्याकडं बघते,
मी तिच्याकडं.

डोळे मिटले की गाडी सुरू होते.
राणीसावरगावच्या वळणाला कलावी
तशी शाबादी फरशी एका अंगाला कलते.
चालत्या गाडीत, काही न धरता
साठ तिकिटं काढणारी मी,
मोरीपर्यंतच्या अकरा पावलांत
तीनदा भिंत धरते.
हाताला चुना लागतो.

पोरीनं खाटेला दोरी बांधलीय,
टोकाला शेळीची घंटी.
एकदा ओढली की पाणी,
दोनदा ओढली की मोरी.
काल झोपेत दोनदा ओढली म्हणे.
व्यंकटी धावत आला, तर मी
मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, जाऊ द्या.

मागं काय झालंय ते मला दिसत नाही.
राजनंदिनीनं फोटो काढून दाखवला:
भादरलेलं डोकं, एकवीस टाके,
उलंगलेल्या रानात चुकून राहिलेली
एक काकरी.
हे माझं नाही, मी म्हणाले.
तिनं तिथं बोट ठेवलं होतं,
मला कळलंच नव्हतं.
केस येतील गं, ती म्हणाली,
आमच्या वर्गातल्या पोरी पैसे देऊन असे कापतात.

डेपोतून गफारमियाँ आले, डझनभर केळी घेऊन.
'तुमच्या जागी नवं पोरगं आलंय बाई,
सुट्टे देत नाही.
लोकं तुमची आठवण काढायलेत.'
माझी?
कडू तोंडाची म्हणायचे मला, लोह्यापर्यंत.
कसं सांगावं त्यांना,
हसलं की, खोकलं की
डोक्याच्या मागं कुणी कुऱ्हाड घालायचं,
म्हणून पाच वर्षं
मी ओठ आवळून तिकिटं दिली.
लग्नाच्या वऱ्हाडाला सुद्धा.

आज दुपारी
व्यंकटीनं करडईच्या तेलात मिरच्या टाकल्या,
खिडकी न उघडता.
मला शिंक आली.
तो उलथनं घेऊन तसाच,
पोरगी दारात,
नसरीनभाभी डबा धरून उंबऱ्यावर.
मी दोन्ही हातांनी मान धरली
आणि ओळखीच्या कुऱ्हाडीची
वाट बघत बसले.
वाट बघत बसले.
तव्यावर मिरच्या जळाल्या.
भाभी म्हणाली, 'और एक आने दो, पता चलेगा.'
मला हसू आलं.
दुखलं.
टाक्यांपाशी ओढलं, कातडीला,
वरवर.
आत नाही.

मग खरंच दुसरी आली.