कारणाचा रकाना

उद्यमनगरात मी लेथवर असतो.
केसाएवढा फरक बोटांना कळतो माझ्या,
म्हणून मंडळात फोकसचा विषय निघाला
की सगळे माझ्याकडं बघतात.

मंडळ म्हणजे पंधरा-सतरा माणसं,
एक पत्र्याचं कपाट, दोन दुर्बिणी, एकीचा पट्टा तुटलेला,
आणि जयंती नाल्याच्या अंगाचा तो तुकडा
जिथं महापुरानंतरचा राडारोडा पडून होता.
आता तिथं रुई आहे, कढीपत्ता, पानफुटी, कृष्णकमळ,
आणि दर रविवारी कुणीतरी कुंपणावरून विचारतंच,
"पानं सगळी किडीनं खाल्लीत,
औषध मारत न्हाईसा व्हय?"
अनसूयाताई मडिलगे खुरपं न थांबवता सांगतात,
"त्यांच्यासाठीच लावलीत."

मार्चात कागदी लिंबावर शिंजिरानं घरटं टांगलं.
कोळ्याचं जाळं, सालपटं,
कुणाच्या तरी बसच्या तिकिटाचा कपटा,
आणि दारावर एवढीशी पडवी.
मी तीन रविवार धुळीत पालथा.
दर वेळी एक डहाळी आडवी यायची,
सात पानांची. मोजलीत मी.
चौथ्या रविवारी ती वाऱ्यानं मोडली—
खोटं कशाला बोलू,
खिशात कटर होता.

उजेड सरळ दारात शिरला.
मादी चोच बाहेर काढून बसलेली,
तिच्या डोळ्यात मी, माझी टोपी, मागचं आभाळ,
सगळं मोहरीत मावलेलं.

दसरा चौकातल्या हॉलात प्रदर्शन लागलं.
अर्जाच्या तळाला एक चौकोन होता:
'छायाचित्र घेताना जिवाला वा त्याच्या निवाऱ्याला
बाधा पोचवलेली नाही.'
केसाएवढा फरक कळणाऱ्या बोटांनी
मी त्यात बरोबरची खूण केली.
दुसरा नंबर. प्रमाणपत्र, आणि पेरूचं रोप.

लोक पक्षी बघत होते.
अनसूयाताई चष्मा कपाळावर सारून
फ्रेमच्या डाव्या कडेशी वाकल्या.
तिथं एक ठिपका होता, पांढरट, ज्वारीच्या दाण्याएवढा,
देठ कापल्यावर राहतो तसा.
"हितली डहाळी?"
एवढंच. मग त्या चहा वाटायला गेल्या.
माझ्या कपात साखर नेहमीएवढीच होती.

घरटं तोवर रिकामं झालं होतं.
उडाली असतील पिल्लं, दिवस भरत आलेच होते.
ऊन लागूनही होतं तसं.
कावळ्याला वाट मोकळी मिळाली, तरी होतं.
मंडळाच्या वहीत तारीख घातली,
'घरटं रिकामं' लिहिलं,
कारणाचा रकाना कोरा सोडला.
कारखान्याच्या वहीत असं मी कधी केलेलं नाही.

हल्ली रविवारी माझ्या हातात झारी असते.
कुणी दिली नाही, मीच उचलली.
परवा मुजावरांची जुबेदा नवा कॅमेरा घेऊन आली,
म्हणाली, "काका, हे पान जरा बाजूला धरता?"
म्हटलं, "तू सरक."
जरा जोरातच म्हटलं बहुतेक.
ती सरकली, रुसून, मग खरोखरच पालथी पडली.

लिंबाला कापल्या जागी दोन पानं फुटलीत.
एकावर पाखराची शीट पडल्यासारखं दिसलं,
पुसायला बोट नेलं तर ते हललं.
लिंबाळीची अळी.
कडेकडेनं, घाई नाही, पान निम्म्यावर आलेलं.
मी बघत राहिलो
झारीतलं पाणी चपलेत शिरेपर्यंत.