घणसोली, सेक्टर सात

बेलची वायर तू काढून ठेवलीस
तेव्हापासून सगळे नखानं दार वाजवतात
दूधवाला, मालिशवाल्या कुसुमताई,
महापेहून रात्रपाळी करून येणारा तूसुद्धा.

सातव्या मजल्यावर ओव्याची धुरी.
काल वॉचमन धावत आला, आग लागली म्हणून.
आई त्याला म्हणाली, आलाच आहेस तर
डिंकाचा लाडू घेऊन जा.

आपण कुजबुजूनच भांडतो आता:
दुपटी कुणी वाळत घातली नाहीत,
शेवटचं पाजलं कधी.
कुजबुजत फार वेळ
रागावता येत नाही, पाहिलंस?

पहाटे तू, बूट हातात घेऊन
चोरासारखा आत
आणि ती टक्क जागी,
पंख्याकडे बघत,
जणू सिडकोच्या लॉटरीत
घर तिलाच लागलं होतं
आणि आपण भाडेकरू.