बत्तीस जीबी

कार्ड भरलंय. प्लेयर अडून बसलाय,
द्वारका सर्कलला आमची बसही.
सिग्नल सुटेपर्यंत ठरवायचं,
आज रात्री कुणाला दाबायचं.

सिनेमाची गाणी कधीच एकशे अठ्ठावीसवर आणली.
ती कुरकुरत नाहीत.
सिन्नरपर्यंत बसचा पत्राच एवढा वाजतो
की झांजा कुठल्या, खिडकी कुठली, कळत नाही.

उरला खैरनार सरांचा मारवा.
भद्रकालीतल्या त्यांच्या खोलीत मीच रेकॉर्ड केलेला,
फ्लॅक, एक्केचाळीस मिनिटं.
सतार कमी, खोकला जास्त,
खालच्या तांबटाची ठोक,
आणि मध्येच तार उतरल्यावर,
'थांब हां, लावतो.'

हेमलता म्हणते, एमपीथ्री कर की,
कानाला ऐकूच येत नाही
तेवढंच जातं.

तेवढंच.
सरांकडून आता तेवढंच तर येतं.

शिंदे टोलनाक्यावर मी माझा रियाझ काढला,
तीन फाइली, दोन वर्षांच्या.
प्लेयरनं विचारलं, नक्की?
मी हो दाबलं
आणि मारवा लावला, अठराव्या मिनिटापासून.

थांब हां, म्हणाले.

थांबले.