कागद धुताना

आम्ही त्याला कागदच म्हणतो.
दोनशे मायक्रॉनचा, तीन वर्षांची हमी.
हा चौथा पावसाळा.

केळघरच्या खोऱ्यात ढग उतरला की बसूनच राहतो,
लग्न उरकलं तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखा.
भाद्रपद सरतो तोवर पॉलिहाऊसच्या पाठीवर
हिरवी साय धरलेली असते,
आणि आत जरबेराच्या माना लांबतात, कलतात,
जशी सगळी फुलं मिळून
दारात कोण आलंय ते बघतायत.
पुण्याचा व्यापारी फोनवर म्हणाला,
दांडा नरम येतोय, वहिनी.
दांडा काय करील?
त्याला दिवसच दिसत नाही.

म्हणून जुनी दोन सुती पातळं, एकात एक पिळून,
दोन्ही टोकांना दोर.
एक टोक माझ्याकडं,
दुसरं छपरावरून पलीकडं, शालनकडं.
वरून पाइपचं पाणी, कपड्याच्या पावडरीचा फेस.
ती ओढते तेव्हा मी सोडायचं.

रहिमतपूरच्या फिटरनं कागद बसवतानाच सांगितलेलं:
धुताना अंगठी नको, बांगडी नको.
एक ओरखडा, आणि वारा त्यात बोट घालतो.
मी दोन्ही हातांतल्या आठ काढल्या,
ड्रिपच्या व्हॉल्ववर अडकवल्या.
शालनला काढायला काही नव्हतं.
ती दोर घेऊन आधीच पलीकडं गेली.

मग ती दिसेना.
मध्ये सगळं हिरवं, आणि एक दोर.
अकरा वर्षं एका चुलीवर,
पण तिला दम कधी लागतो हे मला दोरानं सांगितलं,
आणि ती चिडली की हिसडा कसा येतो तेही.
भाऊजींचं नाव सातबाऱ्यावरून निघालं, त्या दिवशी
तिनं एकोणीस भाकरी थापल्या.
घरात माणसं सहा.
मी मोजल्या. बोलले नाही.

पहिला पट्टा उघडला.
आभाळ वगैरे काही दिसलं नाही,
कागद मुळात दुधीच असतो.
फक्त आतल्या सावल्यांना कडा आल्या.
हिरवं पाणी गटारीतून उतरलं,
पायाखाली बुळबुळ,
वास बंद पडलेल्या हौदाचा.

चौथ्या गाळ्यात दोर सैल पडला.
हाक मारली.
पुन्हा मारली.
घसरली की काय म्हणून चिखलातून वळसा घालून धावले,
तर ही उभी, नाक कागदाला टेकवून.
"बगा, आक्का."

शेवाळावर एक वाट होती.
करंगळीएवढी रुंद, नागमोडी, लख्ख,
काठाला बारीक दातांची नक्षी.
आणि टोकाला गोगलगाय,
रात्रभर चरून गप्प झालेली.
"आपल्या आधी लागलीया कामाला," शालन म्हणाली,
"रोज न मागता."
मी हसले.
ती हसली नाही. म्हणजे हसली, जरा उशिरा.
"येवढं ऱ्हाऊ द्या."

गोगलगाय कोवळी पानं खाते.
दिसली की मीठ टाकायचं असतं.
मला माहीत आहे, तिलाही.
ताटाएवढं हिरवं सोडून आम्ही दोर पुढं नेला.

रात्री कूस बदलताना मनगट हलकं लागलं.
सकाळी गेले. व्हॉल्ववर बांगड्या तशाच, दवानं ओल्या.
मोजल्या.
सात.
पुन्हा मोजल्या.

शालन आत फुलं काढत होती,
पदर मनगटापर्यंत ओढून घेतलेला.
मी काही विचारलं नाही.
ताटातली वाट रातोरात वीतभर वाढली होती.
"दांडा?" मी म्हटलं.
"नरमच हाय अजून," ती म्हणाली,
"आठ-धा दीस लागतील."