शिशाची मापं

बाजार उठायच्या वेळी आली बाना लुसे,
म्हणजे लुसेची आई.
आमच्या काब्वेत बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात.
चितेंगेच्या गाठीतून तिनं चिठ्ठी सोडवली,
माझ्यापुढं धरली, जसा काही मीच डॉक्टर.
लुसे, वय तीन.
आणि खाली आकडा: अडुसष्ट.

अक्षरं मला फारशी लागत नाहीत, आकडे लागतात.
इथं सगळ्यांनाच लागतात.
कुणाच्या पोराच्या रक्तात शिसं वीस निघालं
तर शेजारी म्हणतात, नशीबवान.

"जे काही असेल ते दे," ती म्हणाली.
आणि मी सुरू झालो, तोंडपाठ:
लसूण, रोज दोन पाकळ्या, मधात ठेचून.
कोथिंबिरीचा रस, उपाशीपोटी.
लाकडी कोळशाची पूड; पोटातलं काळं काळ्यानंच निघतं.
वाळवलेलं हिरवं शेवाळ, हे लुसाकाहून येतं, म्हणून महाग.
आणि शेवगा.
शेवग्यावर मात्र माझा स्वतःचा विश्वास.
खाण बंद पडल्यावर मी त्याच्यावरच जगलो,
पाल्यावर की पाल्याच्या विक्रीवर,
ते आता वेगळं काढता येणार नाही.

तागडी उचलली.
एका पारड्यात पाला,
दुसऱ्यात माप.

"हे कशाचं रे, कापेम्ब्वा?"

काय सांगू.
भट्टीवर होतो तेव्हा ओतलेली, बुटपॉलिशच्या डब्यांत,
चार मापं, फुकटच्या धातूची.
मऊ असतो तो. नखानं ओरखडा उठतो.
इतक्या वर्षांत झिजून हलकी झालीत,
म्हणजे पाला मी कमीच देत आलो सगळ्यांना.
ते एक पाप. पण झिजलं ते गेलं कुठं,
हे मी कधी तोलून पाहिलं नव्हतं.
माझ्या बोटांत.
त्या बोटांनी बांधलेल्या पुड्यांत.

ती मापाकडं बघत राहिली. मग म्हणाली,
"झाड कुठं आहे तुझं?"
"परसात."
"आणि परस?"
मी हात केला.
नाल्यापलीकडं, काळ्या टेकाडाच्या पायथ्याशी,
जिथून वारा सुटला की
दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात.

ती हसली. खरंच हसली.
"बिचारं झाड," म्हणाली, "त्याला कोण देतं रे औषध?"

दवाखान्यातली गोळी संपलीय, गुरुवारी येईल.
तोवर दूध दे, अंडं दे, घेवडा दे,
पोराला रिकाम्या पोटी खेळू देऊ नको,
घर कोरडं झाडू नको, ओल्या फडक्यानं पूस:
हे सगळं नर्सनं सांगितलंय तिला.
पाणी कुठून आणायचं, ते नाही सांगितलं.

पाला मी परत पोत्यात ओतला.
लसूण दिला, लांबच्या शेतातला,
तोलून नाही, मोजून. सात गड्डे.
पैसे घेतले. खोटं कशाला बोलू, घेतले.
म्हटलं, "हे औषध नाही बाई. घेवड्याला चव येईल.
गुरुवारी मात्र जा. रांग लागायच्या आधी जा."
तिनं मान हलवली नाही की काही नाही.
लुसेला पाठीवर बांधलं.
पोर माझ्या पोत्याकडं बघत बोट चोखत होतं.

अंधार पडल्यावर मापं हातात घेऊन उभा राहिलो.
नाल्यात टाकावीत तर तिथं पोरं डुंबतात.
पुरावीत म्हटलं तर
या मातीला त्यात नवं काय?
शेवटी खिशात घातली, दोन या बाजूला, दोन त्या,
आणि निघालो घरी, शेवग्याकडं.

माझं रक्त कधी कुणी तपासलेलं नाही.

वाटभर कान देऊन ऐकलं.
खिशात नाणी असती तर खुळखुळली असती.
मापं वाजली नाहीत.
शिसं वाजत नाही.
म्हणून तर.